राजा दीनदयाळ : आपल्या जुन्या राजधानीचा फोटोग्राफर

अंबाजोगाईतल्या जुन्या घरांत अजूनही एखाद्या भिंतीवर तपकिरी पडलेला फोटो असतो. फेटा बांधलेले पणजोबा खुर्चीवर ताठ बसलेले, शेजारी तिपाईवर फुलदाणी, मागं रंगवलेला पडदा. फोटो कुणी काढला ते कुणालाच सांगता येत नाही. फार तर हैदराबादला काढला होता, एवढं घरात ऐकून माहीत असतं.

हैदराबाद म्हणजे तेव्हा आपली राजधानी. 1948 च्या 17 सप्टेंबरपर्यंत निजामाची आणि पुढं 1956 पर्यंत हैदराबाद राज्याची. दाव्याचं अपील, न बरं होणारं दुखणं, मुलाचं कॉलेज, लग्नाचा बस्ता, सगळ्याला माणसं तिकडं जायची. मुंबई-पुणे लांबचं, हैदराबाद घरचं. नव्या पिढीला मात्र हैदराबाद म्हटलं की बिर्याणी, फिल्म सिटी आणि आयटी कंपनीतली नोकरी एवढंच आठवतं. आपले आजे-पणजे ज्या रस्त्यांवरून फिरले ते रस्ते आज तिथंही राहिलेले नाहीत. ते बघायचे तर जुन्या फोटोंतच बघावे लागतात, आणि फोटो धुंडाळायला लागलं की एक नाव पुन्हा पुन्हा समोर येतं. फोटोच्या खालच्या कडेला पांढऱ्या बारीक अक्षरात नंबर आणि शेजारी सही. लाला दीनदयाळ.

दीनदयाळ हैदराबादचे नव्हेत आणि दक्षिणेतलेही नव्हेत. मेरठजवळच्या सरधना गावात 1844 साली एका जैन जवाहिऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा हिऱ्या-मोत्यांचा, पण मुलगा गेला रुडकीच्या थॉमसन इंजिनीअरिंग कॉलेजात. तिथं नकाशे काढणं, मोजमाप घेणं, इमारतीचा आराखडा करणं हे शिकून 1866 साली ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली इथंच आहे. दीनदयाळांच्या फोटोतली इमारत कधी वाकडी दिसत नाही, मिनार कलत नाही, कमानी एका ओळीत उभ्या असतात. चित्रकार होऊन फोटोग्राफीत आलेल्या माणसाला प्रकाशाचं आकर्षण असतं, यांना ओळंब्याचं होतं.

इंदूर म्हणजे होळकरांचं संस्थान. 1874 च्या सुमारास नोकरी सांभाळून त्यांनी कॅमेरा हातात घेतला. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना आधार दिला, आणि इंदूरचे इंग्रज एजंट सर हेन्री डेली, ज्यांच्या नावाचं डेली कॉलेज आजही तिथं आहे, त्यांनी बड्या लोकांशी ओळखी करून दिल्या. 1875-76 साली प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले, त्या दौऱ्याचे फोटो दीनदयाळांनी काढले. पुढं 1882-83 साली सर लेपेल ग्रिफिन या अधिकाऱ्याबरोबर ते मध्य हिंदुस्थान फिरले. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहो, सांची. त्याचं पुस्तक 1886 साली निघालं.

आजच्या मुलांना मोबाइलवर बोट ठेवलं की फोटो मिळतो. त्या काळी काय करावं लागे ते ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीची पद्धत ओल्या काचेची. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं. म्हणजे फोटोग्राफर प्रवासाला निघाला की कॅमेरा, तिकाटणं, काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, तंबू आणि पाणी असं सगळं बिऱ्हाड बैलगाडीवर निघायचं. नंतर कोरड्या काचा मिळू लागल्या आणि काम सोपं झालं, तरी काच ती काचच. एक धक्का बसला की दिवसभराची मेहनत फुटली.

1884-85 च्या सुमारास त्यांचं नशीब हैदराबादकडं वळलं. सहावे निजाम मीर महबूब अली खान तेव्हा विशीच्या आत-बाहेरचे. अगदी तान्हेपणी गादीवर बसलेल्या या निजामाला 1884 साली पूर्ण अधिकार मिळाले होते. त्यांनी दीनदयाळांना दरबारी फोटोग्राफर केलं. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्याकडूनही त्यांना मान मिळाला. अखेर सरकारी नोकरी सोडून दीनदयाळ पूर्णवेळ या धंद्यात उतरले आणि 1886 साली त्यांनी सिकंदराबादला स्टुडिओ थाटला. सिकंदराबाद ही इंग्रजी फौजेची छावणी. साहेब, मडमा, पलटणींचे ग्रुप फोटो, गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. आपलं गावही तेव्हा मोमिनाबाद नावानं हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होतं, त्यामुळं छावणीचं जगणं कसं असतं हे इथल्या जुन्या माणसांना निराळं सांगायला नको.

1894 साली निजामानं त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रं काढणारा. किताबातला जंग म्हणजे लढाई, आणि इथं हातात तलवारीऐवजी कॅमेरा! 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या फोटोंना बक्षीस मिळालं होतं, आणि 1897 साली व्हिक्टोरिया राणीनं त्यांना आपला फोटोग्राफर म्हणून सनद दिली.

महिला वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. सरदार-जहागीरदारांच्या घरात पडदा पाळला जाई. परक्या पुरुषासमोर बसून फोटो काढून घेणं त्या बायकांना शक्यच नव्हतं. दीनदयाळांनी यावर तोड काढली. 1892 साली त्यांनी हैदराबादला खास जनाना स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती, आत फक्त बायका, आणि फोटो काढायलाही बाईच. मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाई तिथलं काम बघायच्या. सव्वाशे वर्षांपूर्वी हैदराबादला बायकांनी बायकांसाठी चालवलेला फोटो स्टुडिओ होता, हे वाचून मला तरी नवल वाटलं. धंद्याची अक्कल म्हणा किंवा दुसरं काही म्हणा, त्यामुळं कितीतरी घरांतल्या आजी-पणजींचे चेहरे मागं राहिले.

आता त्या हरवलेल्या शहराकडं वळू. दीनदयाळांच्या फोटोंतलं हैदराबाद बघताना आधी चारमिनार शोधावा. 1591 सालचा चारमिनार जागचा हललेला नाही, त्यामुळं त्याच्यावरून दिशा कळते. मग भोवतालचा रस्ता बघायचा. आज चारमिनारकडून मुसी नदीकडं निघालं की दोन्ही बाजूंना एकसारख्या दगडी कमानींची दुकानं लागतात. हीच पत्थरगट्टी. ती दीनदयाळांच्या वेळी नव्हती. तिथं वेगळीच दुकानं, वेगळे सज्जे, वेगळी गल्ली होती. फोटोत हत्ती दिसतात, टांगे दिसतात, बैलगाड्या दिसतात.

काही फोटोंत रस्ता अगदी ओसाड वाटतो. एवढ्या मोठ्या शहरात भर दिवसा माणूस कसं नाही, असं वाटेल. माणसं होती हो. पण काचेवर चित्र उमटायला वेळ लागे, आणि तेवढ्यात चालता माणूस निघून जाई. उभा राहिलेला पहारेकरी स्पष्ट येई, आणि घाईत जाणाऱ्याचा नुसता धुरकट डाग उरे. जुना फोटो बघताना असे डाग शोधून बघा. ती सगळी माणसंच आहेत.

घराच्या आतले फोटो ही त्यांची खास करामत. त्यातला बशीरबाग महाल मला सगळ्यांत चटका लावून जातो. निजामाचे दिवाण सर आसमान जाह यांचा हा महाल. 1887 ते 1893 ही सहा वर्षं ते दिवाण होते, आणि त्या काळात हैदराबादच्या बड्या मेजवान्यांचं हे ठिकाण. रात्री झुंबरं पेटायची, बँड वाजायचा, साहेब-मडमा आणि सरदार यायचे. आपण आज हॉटेल, हॉल, क्लब म्हणतो ते सगळं तेव्हा अशा महालांतच असायचं. दीनदयाळांनी त्याचा दिवाणखाना टिपला आहे. झुंबरं, आरसे, गालिचे, खुर्च्यांच्या रांगा, आणि माणूस एकही नाही. जणू पाहुणे आत्ताच उठून गेलेत. आज हैदराबादला बशीरबाग आहे, पण ते नुसतं चौकाचं आणि वस्तीचं नाव आहे. महाल कधीच पाडला गेला. रिक्षावाल्याला बशीरबाग म्हटलं तर तो बरोबर नेऊन सोडतो, पण तिथं बाग नाही आणि महालही नाही.

फलकनुमाचं नशीब बरं. विकार-उल-उमरा यांनी टेकडीवर बांधलेला तो महाल पुढं निजामाकडं गेला, बरीच वर्षं बंद राहिला आणि 2010 पासून तिथं बडं हॉटेल आहे. जुना फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवले तर पायऱ्याही जुळतात.

दीनदयाळांचा कॅमेरा राजधानीपुरता नव्हता. वेरूळचं कैलास लेणं, दौलताबादचा चाँदमिनार, औरंगाबादचा बीबी का मकबरा, असा आपला मुलुखही त्यांनी टिपला आहे. त्या काळच्या निजामी मुलखाच्या फोटोंचा एक अल्बम लॉर्ड कर्झनकडं गेला आणि आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

पण मराठवाड्याच्या माणसानं थांबून बघावेत असे फोटो त्यात नाहीत. ते दुसऱ्या अल्बममध्ये आहेत. 1899-1900 साली आपल्याकडं मोठा दुष्काळ पडला. निजाम सरकारनं केलेल्या लोकोपयोगी कामांचे फोटो काढायचं काम दीनदयाळांच्या स्टुडिओकडं होतं, आणि त्यातच औरंगाबादच्या दुष्काळी मदतीचे फोटो आले. ओळीनं बसवलेली माणसं. बरगड्या मोजता येतील अशी पोरं. ज्या हातांनी बशीरबागेचं झुंबर टिपलं त्याच कारखान्यातले हे फोटो, तितकेच स्वच्छ, तितकेच नेटके. सरकार मदत करतंय हे दाखवायला ते काढले होते, म्हणून रांगा सरळ आहेत. सगळे कॅमेऱ्याकडं बघतात. सरदारांच्या ग्रुप फोटोखाली नावं सापडतात. या ओळीतल्या कुणाचंही नाव कुठं लिहिलेलं नाही. आपलं बीड तेव्हा औरंगाबाद सुभ्यातच होतं. आपल्यापैकी कुणाचे खापरपणजोबा त्या दुष्काळात जगले-वाचले असतील, त्यांचा चेहरा साधारण असाच असणार. दीनदयाळांना या फोटोंबद्दल काय वाटलं असेल ते फोटोवरून कळत नाही. पण त्यांनी कॅमेरा वळवून घेतला नाही, एवढं खरं.

शेवटची वर्षं सोपी गेली नाहीत. 1896 साली त्यांनी मुंबईला स्टुडिओ काढला, नेमक्या त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. तरी तो चालला. ज्ञानचंद आणि धरमचंद ही दोन्ही मुलं धंद्यात होती. 1903 च्या दिल्ली दरबारचे फोटो त्यांच्याच स्टुडिओनं काढले. पण पुढच्याच वर्षी धरमचंद गेले, आणि 1905 च्या जुलैमध्ये मुंबईत राजा दीनदयाळांनीही देह ठेवला. वय एकसष्ट.

त्यानंतर तीनच वर्षांनी, 28 सप्टेंबर 1908 ला, मुसी नदीला महापूर आला. एका दिवसात हजारो माणसं गेली, घरं-दुकानं वाहिली, अफझल पूल आणि चादरघाटचा पूल पाण्यानं मोडून टाकले. अफझलगंजच्या दवाखान्यातल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली, असं सांगतात. ते झाड अजून आहे. मग विश्वेश्वरय्यांना बोलावलं, धरणं बांधली, 1912 साली शहर सुधार मंडळ आलं. जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते झाले, पत्थरगट्टी उभी राहिली, नदीच्या एका काठावर हायकोर्ट आणि दुसऱ्या काठावर उस्मानिया दवाखाना आला. परळीहून गाडीत बसून आपली वडीलधारी माणसं ज्या हैदराबादला गेली ते हे दुसरं हैदराबाद. पुरापूर्वीचं पहिलं हैदराबाद दीनदयाळांच्या काचांवर राहिलं.

त्या काचा दीनदयाळांच्या घराण्यानं पुढं जपल्या. 1989 साली त्यातल्या 2857 काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं घेतल्या. 2006 साली टपाल खात्यानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

हैदराबादला जाणं झालं तर चौमहल्ला पॅलेसमध्ये लावलेले जुने फोटो बघायला तास-दोन तास हाताशी ठेवा. मग चारमिनारहून पत्थरगट्टीनं पायी नदीकडं या. तिथून जरा वरच्या अंगाला पुराना पूल आहे, 1578 चा. 1908 चं पाणी त्याच्याही वरून गेलं होतं, पण तो उभा राहिला. त्याच्या कमानी जुन्या फोटोतल्या कमानींशी आजही जुळतात.