दोन पेप्टाइड एकत्र? आधी एमिल फिशर यांची गोष्ट वाचा

मागच्या महिन्यात माझ्या भावाचा घोटा मुरगळला, लिगामेंट दुखावलं. रील बघून पठ्ठ्याने दोन पेप्टाइड मिसळलेली इंजेक्शनची कुपी मागवायचं ठरवलं. म्हणे त्वचाही चमकते आणि घोटाही लवकर भरतो! त्याला समजावताना मला एमिल फिशर आठवले. पेप्टाइड हा शब्दच मुळी त्यांनी दिलेला.

फिशर यांचा जन्म 1852 चा, जर्मनीतला. वडील व्यापारी. मुलाने धंदा सांभाळावा अशी त्यांची इच्छा, पण पोराचं मन केमिस्ट्रीत. 1875 मध्ये त्यांना फिनाइलहायड्रॅझिन सापडलं. त्याच्या मदतीने त्यांनी साखरेच्या रेणूंची रचना उलगडली. साखर आणि प्युरिनवरच्या कामासाठी 1902 चं नोबेल मिळालं. पण हे रसायन विषारी, आणि वर्षानुवर्षं ते हाताळून त्यांची तब्येत बिघडली.

आता आपल्या मुद्द्याचं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, पेप्टाइड म्हणजे तशीच छोटी माळ. 1901 मध्ये फिशर यांनी फूर्नो या सहकाऱ्यासोबत ग्लायसिनचे फक्त दोन मणी जोडले. पुढच्या वर्षी जिलेटिनमधून हायड्रॉक्सीप्रोलिन वेगळं काढलं. जिलेटिन येतं जनावरांची कातडी आणि हाडं उकळून, म्हणजे कोलॅजनपासून. आपली त्वचा आणि लिगामेंट यांना ताकद देणारं हेच कोलॅजन, आणि त्याच्या माळेत जवळपास दर तिसरा मणी ग्लायसिनचा असतो.

1907 पर्यंत ते 18 मण्यांवर पोचले: 15 ग्लायसिन, 3 ल्युसिन. एवढी वर्षं राबून अठराच! कारण प्रत्येक मणी रासायनिक बंधाने, ठरलेल्या जागीच बसवायचा होता. घरी मात्र दुःखच जास्त. पत्नी आग्नेस लग्नानंतर सात वर्षांतच गेल्या, पहिल्या महायुद्धाच्या काळात तीनपैकी दोन मुलगे गेले. 1919 मध्ये बर्लिनला फिशर वारले.

भावाला मी एवढंच सांगितलं, की कुपीत दोन पावडरी मिसळल्या म्हणजे फिशर यांच्यासारखी जोडणी होत नाही. दोन्ही माळा वेगळ्याच राहतात. शिवाय अशा मिश्रणांच्या माणसांवर नीट चाचण्या झालेल्या नाहीत, आणि ऑनलाइन कुपीत नक्की काय भरलंय ते कोण तपासणार? त्याने ऑर्डर कॅन्सल केली, आता फिजिओकडे जातो. पेप्टाइडचं फेस सीरम मात्र ठेवलंय. ते वरून लावायचंय, म्हणून मीही गप्प बसलो.