अश्वविद्येचा आचार्य : झेनोफन

सॉक्रेटिसचा शिष्य म्हटले की आपल्याला आधी प्लेटो आठवतो. तत्त्वज्ञानाच्या तासाला झेनोफनचे नाव येते ते ओझरतेच. मला मात्र हा दुसरा शिष्य अधिक जवळचा वाटतो; कारण विवेक ही केवळ चर्चेची गोष्ट न ठेवता त्याने तो घोड्याच्या पाठीवरही नेला.

झेनोफनचा जन्म इ. स. पूर्व ४३० च्या सुमारास अथेन्समधील एका सधन घराण्यात झाला. इ. स. पूर्व ४०१ मध्ये इराणचा राजपुत्र सायरस सिंहासनासाठी थोरल्या भावावर चालून गेला, तेव्हा त्याच्या भाडोत्री ग्रीक फौजेबरोबर झेनोफनही निघाला. कुनाक्साच्या लढाईत सायरस पडला आणि पुढे ग्रीक सेनापतींना बोलणीसाठी बोलावून दग्याने पकडून मारण्यात आले. परमुलखात अडकलेल्या सुमारे दहा हजार सैनिकांना माघारी आणणाऱ्या नव्या नायकांत झेनोफन होता. एकदा शत्रूआधी डोंगरमाथा गाठायचा होता. आम्ही ढाल वाहत पायी मरतो आणि हा घोड्यावर बसतो, अशी कुरकुर एका शिपायाने केली. झेनोफनने खाली उडी मारली, त्याची ढाल घेतली आणि अंगावर स्वाराचे जड चिलखत असताना तो पायी चढू लागला. शेवटी इतर शिपायांनीच त्या तक्रारखोराला ढाल परत घ्यायला लावली.

फौज काळ्या समुद्रावर पोहोचून बचावली. पण झेनोफनच्या गाठीला पैसा उरला नाही. लॅम्पसाकस येथे त्याने आपला आवडता घोडा ५० दारिकांना विकला. त्याचा जीव त्या घोड्यावर आहे हे कळताच दोघा स्नेह्यांनी तो सोडवून आणला आणि किंमत घेण्यास नकार दिला.

पुढे अथेन्सने त्याला हद्दपार केले. स्पार्टाच्या आश्रयाने ऑलिम्पियाजवळ स्किलस येथे तो शेती, शिकार व लेखन यांत रमला. त्याने अश्वारोहणावर एक ग्रंथ लिहिला आणि घोडदळाच्या सेनानायकासाठी दुसरा. ग्रीकांना त्या काळी रिकीब ठाऊक नव्हती. सारी भिस्त मांडीवर आणि तोलावर.

पहिल्या ग्रंथात त्याने दोन स्वारांचा एक खेळ सांगितला आहे. एकाने चढउताराच्या रानातून पळायचे, दुसऱ्याने पाठलाग करायचा; फेकायचे भाले बोथट केलेले. हातघाई झाली तर गड्याला आपल्याकडे ओढून एकदम मागे ढकलायचे, म्हणजे तो खाली येतो. ज्याला ओढले त्याने त्याच क्षणी घोडा पुढे दामटावा. अथेन्सच्या घोडदळाच्या तुकड्याही दोन पक्ष करून लुटुपुटीची लढाई खेळत आणि भरधाव एकमेकांच्या रांगांतून आरपार जात. आज पाश्चात्त्य देशांत हौशी स्वार जोडीने रानातून दौड करतात, अडथळे पार करतात. त्यांच्या करमणुकीचा हा जुना पूर्वज म्हणावा लागेल.

मला महत्त्वाचे वाटते ते हे, की या खेळात गडी प्रतिस्पर्धी असला तरी वैरी नसतो. तोच आपला तोल पारखतो. घोड्याबाबतही झेनोफनची हीच दृष्टी आहे. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, चांगले काम केले की त्याला विसावा द्यावा, भ्याला तर त्या वस्तूपाशी हळूहळू न्यावे. मारून नाचवलेल्या नर्तकाइतकाच जबरदस्तीने चालवलेला घोडाही बेढब दिसतो, असे त्याचे मत होते.

पण हा खेळ निव्वळ मौजेचा नव्हता. इ. स. पूर्व ३६२ मध्ये मँटिनियाजवळ त्याचा मुलगा ग्रिलस अथेन्सच्या घोडदळातून लढताना पडला. ज्या नगराने बापाला घालवले, त्याच्यासाठी मुलाने प्राण दिले. बातमी आली तेव्हा झेनोफन यज्ञ करीत होता. त्याने डोक्यावरची माळ उतरवली आणि मुलगा शौर्याने पडल्याचे कळताच पुन्हा घातली, अशी आख्यायिका आहे.

मैदानातले भाले बोथट असतात, रणातले नसतात, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते. तरीही त्याने शिकवला तो संयमच. म्हणूनच मला तो सॉक्रेटिसचा खरा शिष्य वाटतो.