दीड किलोमीटरवरून टिपलेले हृदय : विलेम आइन्टहोवेन

तुम्हाला किंवा घरातील कुणाला वैद्यकीय उपकरणाच्या चाचणीत सहभागी होण्याबद्दल विचारले असेल, तर सोबत छातीवर चिकटवायची पट्टी, मनगटावरचे घड्याळ किंवा मोबाइलमधील अ‍ॅपही मिळाले असेल. तुम्ही घरी आणि तुमच्या ठोक्यांची नोंद चाचणीच्या केंद्रात! अशा वेळी शंका येणारच : एवढ्या दूरून आलेल्या नोंदीवर भरवसा कसा ठेवायचा? सुमारे १२० वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका डच डॉक्टरांपुढे होता. तुमचा ईसीजी आज ज्या स्वरूपात निघतो, तो त्यांच्यामुळे.

जावा ते लायडन

विलेम आइन्टहोवेन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारांग येथे झाला. तेव्हा हा प्रदेश डचांच्या ताब्यात होता. वडील डॉक्टर होते. विलेम लहान असतानाच ते वारले. १८७० मध्ये आई सहा मुलांना घेऊन नेदरलँड्समधील उट्रेख्ट शहरात आली. तिथेच विलेम डॉक्टर झाले. विद्यार्थी असताना व्यायाम करताना त्यांचे मनगट मोडले, तर त्यांनी हाताच्या सांध्यांच्या हालचालींचाच अभ्यास करून टाकला. पंचविशीतच लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

चूक यंत्राची की हृदयाची?

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते. १८८७ मध्ये लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयातील ही वीज शरीरावरूनच टिपून दाखवली. पण त्यांच्या यंत्रात काचेच्या बारीक नळीतला पारा वरखाली होत असे आणि तो विजेच्या वेगाने हलू शकत नसे. त्यामुळे उमटणारा आलेख हृदयाचा कमी आणि पाऱ्याच्या सुस्तीचा जास्त असे.

आइन्टहोवेन यांनी आधी गणिताने ही चूक दुरुस्त केली. दुरुस्त आलेखातील लाटांना त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी अशी नावे दिली. तुमच्या ईसीजीच्या अहवालात आजही हीच अक्षरे असतात. पण दर वेळी गणित करत बसणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी नवे यंत्रच बनवले. शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिशय बारीक तंतू ताणलेला असे. हृदयाची वीज त्यातून गेली की तंतू हले आणि त्याची सावली सरकत्या फोटोपट्टीवर उमटे. या यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते. ते चालवायला पाच माणसे लागत आणि चुंबक तापू नये म्हणून पाणी खेळवावे लागे.

रुग्ण तिकडे, यंत्र इकडे

एवढे धूड रुग्णालयात नेणार कसे? आणि आजारी माणसाला प्रयोगशाळेत आणणेही सोपे नव्हते. १९०५ मध्ये आइन्टहोवेन यांनी सुमारे दीड किलोमीटरवरचे रुग्णालय टेलिफोनच्या तारेने प्रयोगशाळेशी जोडले. रुग्ण रुग्णालयात हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे आणि आलेख प्रयोगशाळेत निघे. पुढच्याच वर्षी त्यांनी अशा दूरून घेतलेल्या आलेखांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात निरोगी माणसांबरोबरच हृदयविकाराच्या रुग्णांचेही आलेख होते.

त्यांचा दुसरा आग्रह होता समान मोजमापाचा. एक मिलिव्होल्ट विजेसाठी रेघ एक सेंटिमीटरच उंच झाली पाहिजे. त्यामुळे एका रुग्णाचा आलेख दुसऱ्याशी, आजचा कालच्याशी ताडून पाहता येऊ लागला. १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडनमध्ये त्यांचे निधन झाले.

तुमच्यासाठी यात काय?

तार गेली, इंटरनेट आले. पण आइन्टहोवेन यांची अट बदललेली नाही. दूरून आलेली नोंद स्वच्छ आणि सलग असेल, तरच तिचा उपयोग होतो. अमेरिकेत मनगटी घड्याळाने हृदयाची अनियमित लय ओळखता येते का, हे पाहणारा एक मोठा अभ्यास झाला; त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. चार लाखांहून अधिक लोक त्यात होते. त्यातील २,१६१ जणांना अनियमित ठोक्यांची सूचना मिळाली. खातरजमेसाठी पुढे ईसीजीची पट्टी वापरायची होती. पण विश्लेषण करता येईल अशी पट्टी फक्त ४५० जणांकडून परत आली. बाकीच्यांबाबत पट्टीवरून खातरजमा होऊ शकली नाही.

म्हणून तुम्ही चाचणीत असाल तर :

- उपकरण सांगितले आहे तेवढा वेळ लावा. ते काढले, सैल झाले किंवा चार्जिंग संपले, तर तसे कळवा. मधली रिकामी नोंद अंदाजाने भरू नका.
- तुमचे उपकरण घरातील दुसऱ्या कुणाला घालायला देऊ नका.
- माहिती नावानिशी साठवली जाते की सांकेतिक क्रमांकाने, ती कोण पाहणार, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारा. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे.
- नोंद लगेच पाहिली जाते की काही दिवसांनी, आणि रात्री कुणी पाहते का, हेही स्पष्ट विचारून घ्या.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. नोंद केंद्रात पोहोचली म्हणजे त्या क्षणी कुणी डॉक्टर ती पाहत असतीलच असे नाही. छातीत दुखले, दम लागला, चक्कर येऊन पडायला झाले, तर घड्याळाच्या सूचनेची किंवा केंद्राच्या फोनची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. चाचणीच्या डॉक्टरांना नंतर कळवले तरी चालेल.