समुद्रावरील घड्याळाचा कर्ता जॉन हॅरिसन

मोटारींत बसविलेलें मार्गदर्शक यंत्र आपण कोठें आहों हें क्षणांत सांगतें. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोंचण्यास किती वेळ लागला, हें मोजून तें आपलें स्थान काढतें. स्थान कळण्यास आधीं काळ अचूक कळावा लागतो. हें तत्त्व समुद्रावर सिद्ध करणाऱ्या कारागिराचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

जॉन हॅरिसन याचा जन्म १६९३ सालीं इंग्लंडांत यॉर्कशायरमध्यें एका सुताराच्या घरीं झाला. त्यास फारसें शालेय शिक्षण मिळालें नाहीं. वडिलांचा धंदा करितां करितां तो लांकडी घड्याळें बनवूं लागला.

त्या काळीं खलाशांस अक्षांश काढतां येत, परंतु रेखांश काढण्याचें खात्रीचें साधन नव्हतें. १७०७ सालीं सिली बेटांजवळ इंग्रजांचीं चार जहाजें बुडालीं व शेंकडों खलाशी प्राणांस मुकले. पुढें १७१४ सालीं पार्लमेंटानें रेखांश काढण्याची रीत शोधणारास २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस ठेविलें.

पृथ्वी तासास १५ अंश फिरते. म्हणून निघाल्या बंदराची वेळ दाखविणारें घड्याळ जवळ असल्यास, ती जहाजावरील वेळेशीं ताडून रेखांश निघतात. पण हेलकावे, थंडी व उष्णता यांमुळें लंबकाचीं घड्याळें जहाजावर चुकत. हॅरिसनचें पहिलें सागरी यंत्र १७३५ सालीं तयार झालें. तिसऱ्यावर त्यानें सुमारें १९ वर्षें घालविलीं. तरीहि समाधान न होऊन १७५९ सालीं त्यानें सुमारें पांच इंच व्यासाचें चौथें घड्याळ पुरें केलें. १७६१ सालीं त्याचा पुत्र विल्यम तें घेऊन जमेकास निघाला. नेहमींच्या गतीचा हिशेब धरतां ८१ दिवसांत तें अवघें ५ सेकंद मागें पडलें.

इतकें होऊनहि परीक्षकांचा विश्वास बसेना. १७६५ सालीं अर्धें बक्षीस मिळालें. अखेर राजा तिसरा जॉर्ज यानें लक्ष घातलें, आणि १७७३ सालीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, पार्लमेंटानें त्यास आणखी ८,७५० पौंड दिले. १७७६ सालीं तो मरण पावला.

आज उपग्रहांत अणुघड्याळें असतात. सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटरांचा फरक पडतो. जहाजांवर खलाशी घड्याळ पेटींत जपून ठेवीत व त्यास रोज नेमानें किल्ली देत. मोटारींतील यंत्राचीहि निगा तशीच राखावी: तें उन्हांत तापूं देऊं नये, आकाशाकडील बाजू झांकूं नये, नकाशे वेळोवेळीं नवे करावे. आणि विद्यार्थिमित्रहो, पांच सेकंदांच्या त्या अचूकतेमागें एका सुतारपुत्राचीं चाळीस वर्षें आहेत, हेंहि ध्यानांत ठेवावें.