दामोदर धर्मानंद कोसंबी : एका पदवीत किती विषय मावतात?



मागच्या जूनमध्ये एका माजी विद्यार्थिनीचे वडील घरी आले होते. मुलीला पदवीला गणित घ्यायचंय आणि जोडीला मायनर म्हणून चक्क संस्कृत! नव्या शैक्षणिक धोरणात हे चालतं, चौथं वर्ष केलं की ऑनर्स पदवी मिळते, हे सगळं त्यांना माहीत होतं. काळजी एवढीच की दोन दगडांवर पाय ठेवून पोरगी मध्येच पडायची. त्यांना मी कोसंबींची गोष्ट सांगितली. तीच आज इथे लिहिते आहे.

दामोदर कोसंबी ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबेन इथे जन्मले. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे नामवंत अभ्यासक. ज्ञानासाठी घरदार सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घातलेला माणूस. विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जात असत. १९१८ साली गेले तेव्हा त्यांनी मुलगी माणिक आणि दहा-अकरा वर्षांचा दामोदर यांनाही बरोबर नेलं. पोरगा तिकडच्याच शाळेत शिकला, मध्ये काही काळ भारतात राहिला आणि १९२६ मध्ये हार्वर्डला दाखल झाला.

आता इथे जरा थांबू या, कारण आपल्या आजच्या चर्चेचं मूळ त्या काळच्या हार्वर्डमध्येही सापडतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चार्ल्स एलियट हे हार्वर्डचे अध्यक्ष होते आणि त्यांनी विद्यार्थ्यांना हवे ते विषय निवडायची मोकळीक दिली. त्यात पुष्कळ मुलं सोपे सोपे विषय वेचू लागली. (आपल्याकडे नाही का, मार्क कुठे मिळतात ते आधी विचारतात!) पुढचे अध्यक्ष लॉवेल यांनी नियम बदलला. एका विषयात खोल जायचं आणि बाकीचे विषय वेगवेगळ्या ज्ञानशाखांमधून घ्यायचे. म्हणजे मेजर-मायनरची कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे, आपल्याला ती आत्ता भेटली इतकंच.

गणिताचे थोर प्राध्यापक जॉर्ज बर्कहॉफ यांनी कोसंबींना गणितावरच लक्ष द्यायचा सल्ला दिला. कोसंबींनी मात्र गणित सोडलं नाही आणि बाकीचंही सोडलं नाही. भाषांसह कितीतरी विषयांचे अभ्यासक्रम घेतले. १९२९ साली सर्वोच्च सन्मानासह बी.ए. झाले आणि फाय बीटा काप्पा या मानाच्या संस्थेचं सभासदत्वही मिळालं. पुढे डॉक्टरेट त्यांनी कधीच केली नाही.

भारतात परतल्यावर बनारस, अलीगढ आणि मग १९३३ पासून पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज असा गणित शिकवण्याचा प्रवास झाला. त्यांचं खरं वेगळेपण दिसतं ते पुण्यात. त्यांनी प्राचीन चांदीची आहत नाणी हातात घेतली. इतिहासकार नाण्यावरची चिन्हं बघतात. कोसंबींनी तीही पाहिली, पण त्याआधी नाणी तराजूत घातली. विचार साधा होता. नाणं जितकं जास्त हातांतून फिरतं तितकं झिजतं, म्हणून जुन्या नाण्यांचं सरासरी वजन घटतं आणि वजनांमधला फरक वाढतो. चालू वापरातली नाणी तोलून त्यांनी हा हिशोब पडताळून पाहिला. तक्षशिलेच्या साठ्यांमधल्या नाण्यांचा मागचापुढचा क्रम त्यातून लावता येऊ लागला. सातवी-आठवीच्या वर्गात सरासरी शिकवताना हे उदाहरण जरूर सांगा, मुलं कान टवकारतात.

१९४४ मध्ये त्यांनी आनुवंशशास्त्रात एक सूत्र मांडलं. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. आजही पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणारे लोक कोसंबी हे नाव रोज वापरतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हा माणूस इतिहासकार होता याचा पत्ता नसतो! संस्कृतातही तेच. भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखितं ताडून १९४८ साली त्यांनी चिकित्सक आवृत्ती काढली. १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. त्यासाठी पोथ्या पुरेनात म्हणून ते पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवायचे, दगडाची बारीक हत्यारं गोळा करायचे, वेताळ, म्हसोबा, बोल्हाई यांच्या ठाण्यांवर जाऊन माणसांशी बोलायचे.

मला वाटतं, या सगळ्यात एक धागा आहे. नव्या विषयात ते आवड म्हणून नुसते डोकावले नाहीत. एखादा प्रश्न घेऊन शिरले आणि गणिताची शिस्त बरोबर नेली. गणित इतकं पक्कं नसतं तर नाणी तोलून काय हाती लागलं असतं?

पण त्या वडिलांना मी दुसरी बाजूही सांगितली, ती लपवणं बरं नव्हे. १९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. कोसंबी पुण्यात राहायचे आणि डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे. १९५९ मध्ये रीमानच्या गृहीतकाविषयीचा आपला निबंध त्यांनी कृषी सांख्यिकीच्या एका नियतकालिकात छापला. गणितज्ञांनी ती सिद्धता मान्य केली नाही आणि त्यांच्या नावाला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. गणितातल्या काहींना ते इतिहासात वाया गेलेले वाटत होते, तर इतिहासातल्या काहींना बाहेरचे. २९ जून १९६६ ला पुण्यात झोपेतच त्यांचं निधन झालं. वय अवघं अठ्ठावन्न.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, पोरीनं गणित आधी पक्कं करायचं, असंच ना बाई? मी हो म्हटलं. तिने गणित मेजर आणि संस्कृत मायनर असाच फॉर्म भरला. परवा ती बाजारात भेटली तेव्हा हातात सांख्यिकीचं पुस्तक होतं आणि पिशवीत अमरकोश.