दिनकर केळकर : जुन्या वाड्यांचं लाकूड जपणारा कवी

युरोपात सतराव्या शतकात बरोक शैलीची अक्रोडाच्या लाकडाची कपाटं घडवली गेली. आज ती तिथल्या संग्रहालयांत दिसतात. मग आपल्याकडच्या सुतारांनी घडवलेले दरवाजे, देव्हारे, पेट्या कुठे गेल्या? वाकडहून पुण्यात शुक्रवार पेठेत गेलात, तर याचं बरंचसं उत्तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात मिळतं. ते एका माणसाच्या हट्टातून उभं राहिलं.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ चा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत आणि पोटापाण्यासाठी चष्म्यांचं दुकान चालवत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली.

राजेरजवाड्यांच्या तलवारी अनेकजण जमवत. केळकरांची नजर मात्र अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या, वाद्यं अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंवर होती. कोरीव दरवाजेही त्यांनी जमवले. या कामात पत्नी कमलाबाईंची त्यांना मोठी साथ होती.

दरवाजात बघायचं काय?

लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. तेही मुख्यतः आडवं, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. म्हणून जाणकार सुतार मधली फळी चौकटीत घट्ट ठोकत नाही. चौकटीच्या खाचेत ती सैल बसवतो, म्हणजे फळीला हलायला जागा राहते आणि ती तडकत नाही. युरोपातलं अक्रोडाचं कपाट आणि आपला सागवानी दरवाजा, दोन्हीकडे युक्ती हीच.

फरक लाकडाचा आहे. अक्रोड बारीक कोरीवकामाला उत्तम, पण त्याला कीड लवकर लागते. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे तो वाळवीला सहज दाद देत नाही. वाडे पडले तरी त्यांतले दरवाजे टिकू शकले, त्याचं हे एक कारण.

पण वाळवीपासून वाचलेलं लाकूड माणसांच्या हातून वाचेलच असं नाही. वाडा पाडला की कोरलेली चौकटही जुन्या लाकडाच्या भावात जाते. ती कुणी कोरली याची नोंद सहसा नसतेच. चौकट गेली की त्या कारागिराची शेवटची खूणही जाते.

मुलाच्या नावाचं घर

केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहाला त्यांनी स्वतःचं नाव दिलं नाही, राजाचं दिलं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भागही त्यांनी इथे आणून उभे केले. पुढे हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, पण जागेअभावी त्यांतल्या थोड्याच मांडता येतात.

१९९० मध्ये केळकर गेले. ज्या सुतारांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यांचं काम मात्र त्यांच्यामुळे आजही पाहता येतं. संग्रहालयात गेलात तर दरवाजांपाशी थोडं थांबा आणि फळी चौकटीत कशी बसवली आहे ते नीट बघा.