दुरुस्तीला टाकलेली वस्तू आणि सर विल्यम जोन्स

कालिदासाचे शाकुंतल इंग्रजीत नेणारे आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असे १७८६ साली कोलकात्यात मांडणारे विद्वान म्हणून सर विल्यम जोन्स आपल्याला परिचित आहेत. दुरुस्तीला दिलेला मोबाइल पडदा फुटून परत आला किंवा लॅपटॉप पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत हाती पडला, तर दुकानदाराची जबाबदारी किती, या अगदी आजच्या प्रश्नाशीही याच जोन्स यांचे नाव जोडलेले आहे. ही बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही.

जोन्स यांचा जन्म २८ सप्टेंबर १७४६ रोजी लंडनमध्ये झाला. वडील, तेही विल्यम जोन्सच, मूळचे वेल्समधील गणितज्ञ. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी 'पाय' हे ग्रीक अक्षर १७०६ साली प्रथम वापरणारे ते हेच. मुलगा तीन वर्षांचा असताना ते वारले. आई मेरी ही लंडनमधील एका सुताराची, फर्निचर घडविणाऱ्या कारागिराची मुलगी. मुलाने काही विचारले की उत्तर न देता त्याच्यापुढे पुस्तक ठेवायचे, अशी तिची पद्धत होती. हॅरो आणि पुढे ऑक्सफर्ड येथे या मुलाने लॅटिन, ग्रीक, अरबी, फारसी अशा भाषा आत्मसात केल्या. नादिरशहाच्या फारसी चरित्राचे त्यांनी केलेले फ्रेंच भाषांतर डेन्मार्कच्या राजाच्या इच्छेवरून १७७० साली प्रसिद्ध झाले, आणि पुढल्याच वर्षी त्यांचे फारसी व्याकरण निघाले.

नाव झाले, पण घर चालेना. सरदारपुत्राची शिकवणी करून आयुष्य काढण्याची तयारी नसल्याने जोन्स वकिलीकडे वळले. १७७४ साली त्यांना सनद मिळाली. वेल्समध्ये फिरत्या न्यायालयांबरोबर हिंडून त्यांनी गरीब कुळांची बाजू मांडली. बंगालच्या सर्वोच्च न्यायालयातील एका रिकाम्या जागेवर त्यांचा डोळा होता. अमेरिकन वसाहतींच्या स्वातंत्र्यलढ्याला उघड सहानुभूती दाखविणारा हा वकील सरकारला पसंत नव्हता, त्यामुळे नेमणूक वर्षानुवर्षे लांबत गेली. या प्रतीक्षेच्या काळातच, १७८१ साली, त्यांनी 'बेलमेंट'च्या कायद्यावरील निबंध प्रसिद्ध केला.

बेलमेंट म्हणजे वस्तूची मालकी आपली, ताबा दुसऱ्याचा आणि ठरलेले काम संपले की ती परत करण्याची बोली. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात याच्या जवळचा शब्द 'निक्षेप' असा आहे. शिंप्याला दिलेले कापड, सोनाराला दिलेला खडा, गॅरेजमध्ये सोडलेली स्कूटर आणि मोबाइलवाल्याच्या काउंटरवर ठेवलेला फोन, हे सारे यातच येतात. इंग्लंडमध्ये या विषयावर १७०३ सालचा सरन्यायाधीश होल्ट यांचा एक निकाल प्रमाण मानला जात होता. एका गृहस्थाने ब्रँडीची पिंपे एका तळघरातून दुसऱ्या तळघरात नेऊन देण्याचे फुकट मान्य केले; हलगर्जीपणामुळे पिंप फुटले आणि ब्रँडी वाहून गेली. पैसे घेतले नसले तरी वस्तू हाती घेतल्यावर ती सांभाळली पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले.

जोन्स यांनी या विखुरलेल्या निकालांना एक सूत्र दिले. व्यवहारात फायदा कोणाचा, हा त्यांचा कळीचा प्रश्न. फायदा केवळ वस्तू देणाऱ्याचा असेल, तर ठेवून घेणारा फक्त ढळढळीत निष्काळजीपणाबद्दल जबाबदार. फायदा केवळ घेणाऱ्याचा असेल, उदाहरणार्थ उसनी मागून नेलेली वस्तू, तर किरकोळ चूकही त्याच्या अंगावर. दोघांचाही फायदा असेल, म्हणजे एकाला काम करून हवे आहे आणि दुसऱ्याला मजुरी, तर सामान्य शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी घेतलीच पाहिजे. दुरुस्तीचे दुकान या तिसऱ्या वर्गात मोडते. शिवाय जो एखाद्या धंद्याचा म्हणून काम स्वीकारतो, त्याने त्या धंद्याचे कसबही आणले पाहिजे, असे जोन्स यांचे म्हणणे. नवशिका होतो, ही सबब चालणार नाही.

याच निबंधात त्यांनी सादीच्या 'गुलिस्ताँ'मधील एक गमतीदार खटला दिला आहे. डोळे आलेला एक मनुष्य जनावरांच्या वैद्याकडे गेला. त्याने घोड्यागाढवांचे औषध घातले आणि रोग्याची दृष्टी गेली. भरपाईचा दावा काझीने फेटाळला; कारण गाढव असल्याखेरीज कोणी जनावरांच्या वैद्याकडे जात नाही, असा त्याचा निर्वाळा होता. काझीचा निकाल आज ऐकताना हसू येते, पण तो जसाच्या तसा लावता येणार नाही. दारावर लॅपटॉप दुरुस्तीची पाटी लावणारा दुकानदार स्वतःच आपण त्या विद्येचे जाणकार असल्याचे सांगत असतो. गाढवपणाचा ठपका मग गिऱ्हाइकावर कसा ठेवणार?

अखेर १७८३ साली नेमणूक झाली, 'सर' ही पदवी मिळाली, लग्न झाले, आणि सप्टेंबरमध्ये जोन्स दांपत्य कोलकात्यात उतरले. पुढील जानेवारीतच त्यांनी तेथे एशियाटिक सोसायटी स्थापन केली. (मुंबईच्या टाउन हॉलमधील एशियाटिक ही वेगळी, तिचे मूळ १८०४ सालच्या लिटररी सोसायटीत आहे.) न्यायालयात हिंदू कायदा सांगणाऱ्या पंडितांवर त्यांचा पुरता विश्वास नव्हता, म्हणून ते स्वतःच संस्कृत शिकले. हा अविश्वास परक्या सत्ताधाऱ्याचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये जनतेच्या हक्कांवर पत्रके लिहिणारे जोन्स हिंदुस्थानी जनतेला मात्र त्या हक्कांच्या लायक समजत नव्हते.

शाकुंतलाचे भाषांतर १७८९ साली आले, मनुस्मृतीचे १७९४ साली. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणादानानंतर दुसरे स्थान निक्षेपाला आहे. त्याच आठव्या अध्यायात धोब्यासाठीही नियम आहे. त्याने सावरीच्या गुळगुळीत फळीवर कपडे हलक्या हाताने धुवावेत, एकाचे दुसऱ्याच्या कपड्यांत मिसळू नयेत आणि कोणाला वापरायला देऊ नयेत. लंडनमध्ये जोन्स यांनी हिंदू कायद्याचा आधार हॅल्हेडच्या इंग्रजी संहितेवरून घेतला होता. आता मूळ शब्द त्यांच्यासमोर होते. पण त्यांना फार अवधी मिळाला नाही. २७ एप्रिल १७९४ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, कोलकात्यात त्यांचे निधन झाले. साउथ पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

त्यांची तीन पायऱ्यांची मांडणी अमेरिकेत न्यायमूर्ती स्टोरी यांनी उचलून धरली, तर इंग्लंडमधील काही न्यायाधीशांनी पुढे तिची टिंगलही केली. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने ती पायरी सोडून दिली. कलम १५१ नुसार मजुरी घेतली असो वा नसो, आपल्या तशाच वस्तूची सामान्य शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी घेणे सर्वांनाच बंधनकारक आहे. फुकट बघून दिले होते, असे म्हणून सुटका नाही. कलम १५४ तर धोब्याच्या नियमाची आठवण करून देते. दुकानातील पोराने तुमचा फोन तुमच्या परवानगीविना वापरला आणि त्या वापरात तो बिघडला, तर भरपाई दुकानदाराची. कलम १६१ प्रमाणे ठरल्या वेळी वस्तू परत न दिल्यास त्यानंतरचे नुकसानही त्याच्याच माथी. उलट बाजूही पाहावी. कलम १७० नुसार बोलीप्रमाणे काम केलेल्या कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. पण बोलीप्रमाणे काम झालेले असले पाहिजे. बिघडवून ठेवलेल्या यंत्रासाठी हा हक्क नाही.

वस्तू दुकानदाराच्या ताब्यात असताना बिघडली, तर योग्य काळजी घेतल्याचे दाखविण्याचा भार आपली न्यायालये त्याच्यावर टाकतात. कारण आतल्या टेबलावर काय घडले, हे गिऱ्हाइकाला कळणार कसे? नुकसानीस आम्ही जबाबदार नाही, असे पावतीवर छापल्याने सारे संपते असेही नाही. पावतीवरील अटीने भरपाई किमतीच्या लहानशा हिश्शापुरती मर्यादित करू पाहणाऱ्या एका लॉन्ड्रीची ती अट मद्रास उच्च न्यायालयाने सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरविली होती.

आज जो रस्ता सोपा आहे, तो २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा; तो जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन केलेल्या दुरुस्तीतील हलगर्जी ही सेवेतील त्रुटी ठरते. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. दुकान परगावी असले तरी हरकत नाही. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. वस्तू देताना मात्र पावतीवर तिचा अनुक्रमांक, दोष आणि बाहेरची अवस्था लिहून घ्यावी, शक्य तर छायाचित्र काढावे आणि फोनमधील मजकूर आधी दुसरीकडे उतरवून ठेवावा. पुसल्या गेलेल्या छायाचित्रांची किंमत आयोगापुढे सिद्ध करणे फुटलेल्या पडद्याच्या किमतीपेक्षा कितीतरी अवघड जाते.